समासातली सही

मी, वसुमती तुकोजीराव जाधव, वय सत्याहत्तर, अविवाहित, राहणार येलहंका, बेंगळूरु, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत करीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. उमाकांत यांनी दिला आहे. हात कापतो, पण सही माझीच समजावी.

१. राहते घर माझे थोरले बंधू कै. नरसिंहराव ऊर्फ अण्णा यांची मुलगी सौम्या हिला द्यावे. प्रेमापोटी नव्हे. दुसऱ्या कोणाला दिले तर ती त्याला कोर्टात फरफटवील, म्हणून.

२. आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या फुलांची माझी मूळ चित्रे मात्र तिला मिळू नयेत. कारण लिहून ठेवते. अण्णा वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांच्या ग्रंथातले प्रत्येक फूल मी भिंगाखाली धरून, शिरेला शीर जुळवून रंगवले. सही खालच्या समासात करीत असे. चित्र छापखान्यात जाण्याआधी अण्णा पट्टी लावून तो समास कापून टाकत. एकदाच विचारले, तर म्हणाले, "वसू, खाली तुझं नाव आलं की ते नुसतं चित्र होतं. मला पुरावा हवाय." मुखपृष्ठावर त्यांचे नाव ठसठशीत छापले गेले. प्रस्तावनेत जीपच्या ड्रायव्हरचेही आभार आहेत. माझे नाहीत.

गेल्या वर्षी सौम्याने विज्ञान आणि कला यांच्या नात्यावर प्रदर्शन भरवले. चित्रे माझ्याच कपाटातून नेली. उद्घाटनाला मी नवी साडी नेसून गेले. प्रत्येक चौकटीखाली चिठ्ठी होती: 'संग्रह: डॉ. नरसिंहराव जाधव. चित्रकार: अज्ञात.' लहानपणी माझ्या रंगाच्या वाटीत बोटे बुडवणारी ही मुलगी मला म्हणाली, "आत्या, सहीशिवाय नाव लावायचं नाही असा आमच्याकडे नियम आहे. पुरावा काय दाखवू? लेबलंही छापून झालीत, स्वल्प ॲडजस्ट करा." तो अपमान मी विसरलेले नाही.

३. ती सर्व चित्रे, भिंग आणि माझे कुंचले शेजारच्या देवश्रीला द्यावेत. ती महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत डॉक्टरांसाठी हृदयाची चित्रे काढते. अट एकच. तिने आपल्या चित्रांवर सही समासात करू नये. देठाला, शिरेला खेटून करावी, म्हणजे ती कापायची तर चित्रही कापावे लागेल.

४. माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. तेराव्याचे जेवण घालू नये, अण्णांच्या फोटोशेजारी माझा फोटो लावू नये. महाविद्यालयात चौकशीला गेले तेव्हा तिथले गृहस्थ संकोचून म्हणाले, "अक्का, इथे देहावर नाव ठेवत नाहीत. नंबर असतो."

मी इथल्या कानडीत म्हटले, "सरी," म्हणजे ठीक. "मला सवय आहे."

एखाद्या विद्यार्थ्याने शिकताना माझा उजवा हात कागदावर काढला, तर खाली त्याने स्वतःचे नाव लिहावे. ते कोणी कापू नये.

सही: वसुमती जाधव
(प्रत्येक पानावर, मजकुराच्या आत)

वरील सही आम्हा दोघांच्या डोळ्यांसमोर झाली.
साक्षीदार: १. डॉ. उमाकांत देशपांडे २. रत्नाकर मोहिते
येलहंका, बेंगळूरु. दि. १२ जानेवारी २०२५