कुंपणापलीकडचा निनवेकर

१८ जुलै २०२१, रविवार
लिहायला फार उशीर झाला, माफी असावी. कोणाकडे मागतोय कोण जाणे. लॉकडाऊन लागल्यापासून वही उघडलीच नव्हती. उघडून लिहू काय? सकाळी अकराला टीव्हीवर कोविडचे आकडे, मग मुलाचं, मेल्विनचं, पडलेलं तोंड, मग जेवण. सिडनीतल्या आमच्या ब्लॅकटाउनचं नाव आकड्यांत येतंच. चर्चची रविवारची मिस्साही लॅपटॉपवर. मी गुडघे टेकले तर पडद्यावरच्या फादरकडे बोट दाखवून नात हसली. "पापा, ही कान्ट सी यू!"
बोलायला एकच माणूस उरलाय, पलीकडचा शमून. इराकातून आलेला, माझ्याच वयाचा. अंतर ठेवून, मास्क लावून, कुंपणाच्या दोन बाजूंना दोन उलट्या बादल्यांवर आम्ही बसतो. सुनेला हेही पसंत नाही.

२१ जुलै, बुधवार
शमून अश्शुरी आहे. गाव निनवेजवळ. लहानपणी वसईच्या चर्चमध्ये धर्मशिक्षणाला जायचो, तिथे निनवे म्हणजे पापाचं शहर आणि अश्शुरी म्हणजे देवाच्या लोकांना साखळ्या घालून नेणारे. ते लोक अजून आहेत हेच मला माहीत नव्हतं. सातवीपर्यंत शिकलेल्याला कोण सांगणार?
आज त्याला म्हटलं, "तुमचे राजे फार क्रूर होते."
तो म्हणाला, "होतेच. पण बायबलातला संदेष्टा निनवेला पश्चात्ताप करा सांगत आला तेव्हा आमच्या राजाने राजवस्त्रं काढली आणि राखेत बसला. तुमच्या दिल्लीत कोणी बसतो? इथे कॅनबेरात?"
 त्यांच्यात अजून त्या पश्चात्तापाचा तीन दिवसांचा उपास पाळतात म्हणे. इतक्या जुन्या पापाचा!
त्याचं इंग्रजी माझ्यासारखंच मोडकं. म्हणून जमतं.

२४ जुलै, शनिवार
चुकलो. शमूनने फोनवर त्यांच्या राजांच्या काळातल्या दगडी मूर्तीचा फोटो दाखवला. माणसाचं तोंड, बैलाचं अंग, पंख, पाच पाय. समोरून बघितलं तर उभा, बाजूने बघितलं तर चालतोय. वेशीवर असे दोन-दोन उभे असायचे. अर्ध्या जगाने तिथे येऊन मान खाली घातली, असं सांगताना तो स्वतः ताठ बसला होता. मग म्हणाला, एकाचं तोंड दहशतवाद्यांनी यंत्राने फोडलं, ते टीव्हीवर पाहिलं. "बाप गेला तेव्हा एवढा रडलो नव्हतो."
माझ्या तोंडून गेलं, "दगडच ना शेवटी?"
तो बादली उचलून आत गेला. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आमच्या गावच्या क्रूसाला कोणी हातोडा लावला असता तर?

२८ जुलै, बुधवार
तीन दिवस बादली रिकामी. आज आला. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "श्लामा." म्हणजे शांती. मला रडूच आलं, मास्कमुळे दिसलं नसेल.
आनंदाच्या भरात आळूची पानं दिली, आमच्या मागच्या नळाजवळची. कशी करायची तेही सांगितलं, चिंच घाल म्हटलं. पण शमीरमने, त्याच्या बायकोने, त्यात भात भरून द्राक्षाच्या पानासारखा डोल्मा केला. चिंच नाही, काही नाही. संध्याकाळी कुंपणावरून आवाज, "ब्रदर, हे पान आहे की सुया? घसा खाजून मेलो! आमच्या राजांनी शत्रूला हे का नाही खायला घातलं?"
खूप हसलो. बऱ्याच दिवसांनी.

३१ जुलै, शनिवार
आज तो उदास. बहीण स्वीडनमध्ये, पुतणे शिकागोत, मुलगा युद्धात गेला, गावात आता कोणी नाही. म्हणाला, "आमचे राजे जिंकलेल्या लोकांना उचलून लांब नेऊन वसवायचे. आता आम्हीच वसतोय. सगळीकडे. एक गावसुद्धा आमचं म्हणायला नाही."
मी म्हटलं, भाषा आहे ना. तो म्हणाला, तीच एक. अरबी त्याला येते, लष्करात शिकला. "अरबीशी माझं भांडण नाही. पण आई तिच्यात बोलत नव्हती."
मलाही लोक नाव ऐकून गोव्याचा म्हणतात. जन्मभर सांगतोय, गोवा नाही, वसई. कोणी ऐकत नाही. हे त्याला सांगितलं तेव्हा त्याने कुंपणावर थाप मारली.

२ ऑगस्ट, सोमवार
शमून खोकतोय. आळूमुळे का? पण त्याला किती दिवस झाले. तरी मनातून जात नाही. मेल्विन म्हणाला, "पप्पा, पानाने कोविड होत नाही. तुम्ही आत बसा."

५ ऑगस्ट, गुरुवार
अँब्युलन्स आली. निळ्या गाऊनमधली दोघं. शमूनला खुर्चीवर बसवून बाहेर आणलं, डोळे अर्धे मिटलेले. शमीरम दारात उभी राहून काहीतरी ओरडत होती, कोणाला कळत नव्हतं. त्यातला एक शमूनकडे बोट दाखवत मला कुंपणावरून म्हणाला, "मेट, ही स्पीक्स व्हॉट?"
मी घाबरलेला. उपयोगी पडावं एवढंच डोक्यात. म्हणालो, "अरबी, अरबी. इराक."
त्याने अंगठा दाखवला. गाडी गेली.

६ ऑगस्ट, शुक्रवार
जेवण जात नाही. काय बोलून बसलो? घाईत तोंडातून गेलं ते. त्यांना अरबी येतेच की, असं स्वतःला सांगतो. मग परत आठवतं, त्याची आई तिच्यात बोलत नव्हती.

९ ऑगस्ट, सोमवार
शमीरमलाही कोविड झालाय. सौम्य आहे, घरातच, एकटी. डबा कुंपणाजवळ ठेवतो आणि मागे सरतो. आज ती खिडकीतून बोलली. हातवारे, थोडं इंग्रजी. हॉस्पिटलचा फोन येतो, मध्ये अरबी बोलणारी दुभाषी बाई. शमीरमला ऐकू कमी येतं, अरबीही गावठी. तिला एवढंच कळलं की शमून तापात फक्त आपल्या भाषेत बोलतो. अरबीतून विचारलं की तोंड फिरवतो. तिथे म्हणतात, गोंधळलाय, समजत नाही त्याला.
"व्हाय अरबी?" तिने मला विचारलं. "हू टोल्ड?"
 मी डब्याचं झाकण नीट बसवत राहिलो.

१० ऑगस्ट, मंगळवार
मेल्विनला सगळं सांगितलं. तो कामाच्या मीटिंगमध्ये, एक कान इकडे. "पप्पा, तुम्ही मुद्दाम नाही केलं. पण आपण फॅमिली नाही. ते आपल्याशी बोलणार नाहीत."
मी म्हटलं, बोलू नये त्यांनी, ऐकावं तरी.
मीच हॉस्पिटलला फोन लावला. एक दाबा, दोन दाबा. मग गाणं. मग एक मुलगी. मी म्हटलं, अश्शुरी. ती म्हणाली, सिरियन? नाही, अश्शुरी. जुने राजे, निनवे... तिच्या आवाजावरून कळलं, मलाही गोंधळलेला समजतेय. फोन ठेवला.  अर्ध्या जगाने ज्यांच्यापुढे मान खाली घातली त्यांचं नाव मला एका मुलीला सांगता येईना.

१२ ऑगस्ट, गुरुवार
रीनाने, सुनेने, शेवटी फोन लावला. तिचं इंग्रजी चांगलं. नर्स मल्याळी निघाली, हिंदीत उतरली. म्हणाली, "अंकल से कहिए, मैं बोल दूँगी." दुभाषी त्या भाषेचेही असतात म्हणे, सिडनीत त्यांची हजारो माणसं आहेत. मागितला की मिळतो. म्हणजे मी एक शब्द बरोबर सांगितला असता तर पहिल्या दिवशीच.
रीना रागावली नाही. चहा करून दिला. ते जास्त लागलं.

१४ ऑगस्ट, शनिवार
दुभाषी मिळाला का, माहीत नाही. ती नर्स सुट्टीवर. दुसरी म्हणते, फॅमिलीलाच सांगू.
दुपारी शमीरमने बोलावलं. गळ्याशी हात नेला. "पाइप." डॉक्टरांना श्वासाची नळी घालायची आहे, त्याला विचारायचं आहे. तो उत्तर देत नाही. म्हणून तिला विचारतात. तिला ठरवता येत नाही. चाळीस-पन्नास वर्षांत घरातला प्रत्येक मोठा निर्णय त्याने घेतला. आता ती मला विचारते, "ब्रदर, व्हॉट?"
मी काय सांगू? मी कोण? आमच्या मागीच्या, माझ्या बायकोच्या, शेवटच्या वेळी डॉक्टरने विचारलं तेव्हाही मी मेल्विनकडेच बघितलं होतं.
म्हटलं, "त्याला विचारायला सांगा. तुमच्या भाषेत." मोठ्याने, तीनदा. तिला ऐकू आलं का कळलं नाही. तिने मान हलवली.

१५ ऑगस्ट, रविवार
आज मरियेचा सण. गावी फुलं असतील. इथे लॅपटॉप. मिस्सेत लक्ष नाही.
सकाळपासून शमीरमची खिडकी बंद. डबा कालचा तसाच. मेल्विनने दार वाजवून पाहिलं, ती आत आहे, बरी आहे, पण फोन कानाशी धरून बसलीय, बाहेर यायला तयार नाही. कोणाशी बोलतेय? हॉस्पिटल? स्वीडन? मेल्विन म्हणाला, ऐकत होती फक्त.
संध्याकाळी तिने पडदा थोडा सरकवला. मी दोन्ही हातांनी विचारलं, काय? तिने एक बोट वर केलं, थांब, असं. की वर बघ, तो देवाकडे गेला, असं?
रीना म्हणते, थांब असंच असेल.
शमून, कोणी तुझ्या आईच्या भाषेत तुझ्या कानाशी वाकून बोललं का? एवढंच मला कळू दे. नळीला हो म्हणालास की नाही म्हणालास, ते तुझं तू ठरव, मी त्यात पडत नाही. माझी चूक आहे, मला काय बोलायचं ते बोल, अरबीत बोल, कशातही बोल. पण कळव रे. कोणाकडून तरी कळव, लवकर.