काशीचा गोटा

रवि. ५ जाने. ६४
काशी आज आली नाही. न येनाऱ्या बाईनं आदल्या बाजारी सांगून जावं, एवढी बी अक्कल नाही तिले. वीस वर्सं झाली, बुलढान्याच्या बाजारात माह्या डाव्या हाताले बसते अन् मेथी माह्याहून सस्ती करते. आज माही मेथी दुपारच्या आतच खपली. भांडाले कोनी नव्हतं. दिवस सरता सरेना.

रवि. १२
आज बी नाही. तिचा गोटा जागेवर तसाच. आमच्या वळीत जागा गोट्यानं धरतात. गोटा उचलला का जागा सुटली; ज्याचा त्यानंच उचलावा, दुसऱ्यानं हात लावू नये. कांदेवाला किसन म्हने, "बुढे, दोन बाजार झाले. रिकामी जागा मी घेतो." म्हनलं, "रिकामी कुठी दिसली बे तुले?" माह्या पोत्याचं टोक तिकडं सरकवलं, वर मेथीच्या जुड्या मांडल्या. एका गिऱ्हाइकानं विचारलं, काशीबाई कुठी? म्हनलं, पानी प्याले गेली.

बुध. १५
ती शेवटची आली त्या दिवशी मी म्हनलं होतं, "मेथी म्हशीच्या तोंडातून वढून आनली का?" नेहमी उलटून बोलते. त्या दिवशी मुकाट टोपलं उचललं. त्याच्यानं रुसली का काय. तिनं माह्या वांग्याले किडके म्हनलं तवा मी रुसली का?

रवि. १९
काशीची सून आली. म्हने, सासू विहिरीजवळ घसरली, मांडीचं हाड मोडलं, खाटेवर हाय. "मावशी, जागा किसनभाऊले देऊन टाका. मी गोटा नेते." वाकली बी. मी गोट्यावर पाय ठेवला.
"सासूनं सांगितलं का तुले?"
"त्या बोलतच नाहीत. भिंतीकडं तोंड करून राह्यतात."
मंग गोटा कोनाच्या हुकमानं नेऊन राह्यली? तिच्या पदरात काटेरी वांगे घातले. काशीले आवडतात. मेली कबूल नाही करनार.

शनि. २५
माही सून म्हने, "एवढी माया हाय त काशीबाईच्या येळगावले जाऊन या." माया कसली. निजलेली पाह्यली मी, त तिले वाटंल कीव कराले आली. तिले नाही चालनार. मले बी...

रवि. २६
तिच्या जागेवरची मेथी तिच्याच सस्त्या भावात दिली. जीव जळला, पन सगळी गेली. किसन कांद्याचं पोतं घेऊन दोनदा येऊन गेला.
येळगावच्या गाडीवाल्याजवळ निरोप धाडला. काशे, तुही मेथी शिळीच होती. गोटा जाग्यावर हाय. उचलाचा असंल त गाडीत निजून ये, पन तुह्या हातानं उचल. नसंल उचलाचा त तसं सांग, मी जागा धरून बसली हाय. गाडीवाल्याले बजावलं, उत्तर काशीच्या तोंडूनच आन. तिच्या सुनेनं मधात बोलू नये.