आपणच आपलं दुकान जाळलं

सोमवार, ३ फेब्रुवारी

गेले एकदाची त्या शांतता-सभेला. मोठ्या रस्त्यावरच्या शाळेचा हॉल – ना अलीकडच्या वस्तीचा, ना पलीकडच्या. दारात छातीवर लावायला कागदाचं कबुतर दिलं. माझं दोनदा पडलं.

सासूबाईंना वाटतंय, मला उपरती झाली. कसली उपरती! त्या दंगलीत माझं फ्रेमचं दुकान जाळलं – लोकांचे लग्नाचे फोटो, गेलेल्या आईबापांच्या तसबिरी, सगळ्यासकट. चौकीतले साहेब वर्षभर एकच सांगतात – एक नाव द्या, लगेच उचलतो. नाव पलीकडे आहे, आणि पलीकडचे हल्ली भेटतात ते फक्त या सभेत. कधीतरी कोणाच्या तरी तोंडून निसटेल. निसटलं की मी थेट चौकीत. मला तो माणूस आत गेलेला बघायचाय. शांतता-बिंता नंतर बघू.

बुधवार, ५ फेब्रुवारी

सभा चालवणाऱ्या बाईंचा नवा नियम. ‘आम्ही’ म्हणायचं नाही, ‘तुम्ही’ म्हणायचं नाही, ‘ते’ तर नाहीच. या शब्दांमुळे दरी पडते म्हणे. फक्त ‘आपण’! कोणी चुकलं की त्या चुटकी वाजवतात आणि वाक्य पुन्हा म्हणून घेतात. मी त्यांचं नाव आपणताई ठेवलंय.

माझी पाळी आली. म्हटलं, त्यांनी माझं दुकान जाळलं. चुटकी. तुम्ही लोकांनी माझं – चुटकी. शेवटी वैतागून म्हणाले, आपण आपलं दुकान जाळलं. काय टाळ्या पडल्या! एका बाईने तर डोळे पुसले. म्हणजे पेटवणारी मी आणि बोंबलणारीही मीच. या नियमात नाव निसटायचं कुठून?

गुरुवार, ६ फेब्रुवारी

घरी गंमत म्हणून नियम सांगितला, तर सासूबाई म्हणाल्या, यात नवीन काय? आणि लगेच, "चल, आपण भांडी घासून टाकू." म्हणजे मी. त्या पलंगावरून हलल्या नाहीत.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज लोकरीचा गुंडा. ज्याच्याकडे गुंडा येईल त्याने काहीतरी गोड बोलायचं, मग धागा धरून ठेवून गुंडा समोर फेकायचा. शेवटी असा काही गुंता झाला की कोणाला जागचं हलता येईना. सोडवताना मात्र सगळे मोकळेपणी एकमेकांवर खेकसले. "अहो, तो नाही, खालचा ओढा." एवढं खरं बोलणं या हॉलमध्ये पहिल्यांदाच ऐकलं. आपणताई कात्री शोधत होत्या.

मग जोड्या लावल्या. एक इकडचा, एक तिकडचा, आणि एकमेकांच्या डोळ्यांत बघत बसायचं. माझ्या वाट्याला पलीकडचा बेकरीवाला आला. धिप्पाड माणूस, नखांत पीठ. तो माझ्या डोळ्यांत सोडून सगळीकडे बघत होता – माझ्या चपला, खिडकी, पंखा. मी हळूच गळ टाकला, त्या दिवशी बेकरी उघडी होती का? "भट्टी चालू होती," एवढंच म्हणाला आणि पाणी प्यायला उठला. बराच वेळ पाणी पीत होता.

याला काहीतरी माहीत आहे! रात्री जेवणावर लक्ष नव्हतं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आपणताईंनी कौतुकाने मला काम दिलं. सभेतले मिठ्या मारतानाचे फोटो फ्रेम करायचेत, समारोपात पाहुण्यांना द्यायला. "आपल्यातल्याच कलाकाराला काम!" दुकान कोणी जाळलं ते कोणी सांगत नाही, फ्रेमा मात्र सगळ्यांना हव्यात. स्वयंपाकघरात काचा कापतेय. बोट कापलं.

बेकरीवाला आज आला नाही.

रविवार, २ मार्च

समारोप. पाहुणे, फुलं, व्हिडिओवाला. प्रत्येक जोडीने मंचावर जाऊन एकेक वाक्य बोलायचं. आमची वाक्यं आपणताईंनीच लिहून पाठ करून घेतली होती. मी माझं पोपटासारखं म्हटलं. मग माइक बेकरीवाल्याकडे गेला. त्याचं होतं, ‘आपल्या हातून चूक झाली.’

त्याने माइक खाली धरला. मग पाहुण्यांकडे पाठ करून माझ्याकडे वळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सरळ डोळ्यांत बघितलं.

"डिझेलचा डबा आमच्या बेकरीतून गेला. मीच उचलून दिला. कशाला हवाय ते मला माहीत होतं."

आपणताई धावत आल्या, हसू तसंच ठेवून. "आपल्या बेकरीतून. ‘आपण’ म्हणा ना."

"नाही ताई. आम्ही केलं. हिला यात ओढू नका."

आपणताईंनी माइक काढून घेतला आणि गाणं लावायला सांगितलं. मोठ्ठ्याने लागलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना काही कळलंच नव्हतं. पहिल्या रांगेत त्याची बायको पदराची गाठ वळत बसली होती. तिला कळलं होतं.

मी मंचावरच रडले. दुकान जळलं तेव्हा रडले नव्हते, तेव्हा नुसती शिव्या देत सुटले होते. आज राग तर आलाच, त्याला तिथेच एक ठेवून द्यावीशी वाटली. पण छातीवरचं काहीतरी उतरलंही. माझं दुकान मी जाळलं नव्हतं, हे शेवटी कोणीतरी म्हणालं.

मंगळवार, ४ मार्च

चौकीतून बोलावणं. कुठूनतरी कुणकुण लागली त्यांना. व्हिडिओत नुसतं गाणं ऐकू येतं, आणि बाकी सगळ्यांनी कानांवर हात ठेवलेत. साहेबांनी पेन उघडलं. "तुम्ही त्याच्या शेजारीच होतात. त्याने कबूल केलं ना? ‘आम्ही केलं’ असं म्हणाला ना?"

मी म्हटलं, "‘आपण’ म्हणाला."