सुनेची मोटारसायकल, विम्यासकट

४ फेब्रुवारी

मोटारसायकल घेणार म्हणते! मोठी! लिही, सूनबाई, आणि हसू नकोस. हसलीस की अक्षर तिरकं येतं. मला वाचता येत नसलं तरी तिरकं आलेलं कळतं. वही माझी, बोलणं माझं, हात तेवढा तुझा.

मुलाचा घास तोंडाशीच थांबला. "या वयात?" म्हणाला. बायको पंचेचाळिशीची म्हणून म्हातारी, आणि हा अठ्ठेचाळिशीचा घोडा तरणाताठा!

सून ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. वीस वर्षं दुसऱ्यांच्या शेजारी बसून नुसता ब्रेक दाबतेय. घरीसुद्धा! नवरा बोलायला लागला की टेबलाखाली हिचा पाय दाबला जातो. मी पाहिलंय. हेही लिही.

शेवटी त्याने अट घातली. तिने पैसे साठवलेत तेवढ्यातच गाडी बसली पाहिजे, पूर्ण विम्यासकट. वर छदामही नाही. त्याला वाटलं, मिटलं प्रकरण.

७ फेब्रुवारी

शोरूमला गेलो. विकणारा पोरगेला, गुळगुळीत. सगळं मुलाकडे बघून सांगतोय — "सर, पिकअप बघा, सर!" म्हटलं, "अरे, नवरी ही आहे. तू वऱ्हाडाला काय दाखवतोस?"

गाडी काळीभोर, देखणी. सून बसली तर टाचा अधांतरी! "सवय होते, आजी," म्हणाला. "उंचीची होते रे," मी म्हटलं, "पडायची नाही होत." शिवाय सगळे पैसे तीच खाणार, विम्याला काय उरणार?

१० फेब्रुवारी

दुसरी पाहिली. म्हैस! इंजिन बंद करून मागे ढकल म्हटलं — जागची हलेना. मुलगा वाटभर शीळ घालत होता.

१५ फेब्रुवारी

सापडली! जुनी आहे, पण एकाच मालकाच्या हातची. दातांच्या डॉक्टरची, विटकरी रंगाची. सुनेचे पाय जमिनीला सपाट टेकले. ढकलली तर मुकाट मागे आली. आवाज असा, की मांजर मांडीवर येऊन घुरघुरावं.

सून चक्कर मारून आली. तो चेहरा मी तिच्या लग्नातही पाहिला नव्हता. (हे वाक्य लिहायला तयार नव्हती. दोनदा सांगावं लागलं.)

१६ फेब्रुवारी

आज घरी विमावाली आली होती. चष्मा कपाळावर आणि शोधते पर्समध्ये! मला आवडली.

तिने आकडा सांगितला. गाडीचे पैसे देऊन उरत होतं, त्याच्या बाहेर. मुलाने खुर्चीत पाय ताणले. विमावाली म्हणाली, "समोरच्याला लागलं तर भरून देणारा तेवढाच घ्या, स्वस्त पडतो." "पूर्ण म्हणजे पूर्ण!" मुलगा म्हणाला. टेबलाखाली सुनेचा पायसुद्धा हलला नाही.

दारात सुनेच्या नावावरची निळी स्कूटर असते, कामावर ती मुलगा नेतो. ती पाहून विमावालीने सहज विचारलं, "स्कूटरवर कधी क्लेम घेतला होता?"

"कधीच नाही," सून म्हणाली. "पाच वर्षांत एकदाही नाही."

"अहो, मग आधी नाही का सांगायचं! क्लेम न घेतल्याची सवलत मिळते, आणि ती गाडीची नसते, मालकाची असते. स्कूटर विकून टाका, सवलत इकडे घेऊ." आणि आकडा धपकन खाली आला. बसला! बजेटात बसला!

मला राहवेना. मुलाला म्हटलं, "मागच्या वर्षी स्कूटर फाटकाला ठोकलीस, तेव्हा क्लेम घेतला असतास तर?"

त्याला असा ठसका लागला! बायकोला कळू नये म्हणून गुपचूप स्वतःच्या खिशातून पैसे भरून दुरुस्त करून आणली होती. मी खिडकीत होते.

"अहो! तरीच एका बाजूचा निळा वेगळा दिसतो!" सून रागावणार होती, पण आधी हसू फुटलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. आमचा दांडा गोताच्या कामी आला.

जाता जाता विमावालीने विचारलं, "मागे बसणाऱ्याचाही घालू?"

"मागे कोण बसतंय?" मुलगा म्हणाला. "मी तर मुळीच नाही!"

"घाल गं," मी म्हटलं. "जागा आहे तर कुणीतरी बसेल." उरलेल्यात तेवढंही भागलं.

२२ फेब्रुवारी

स्कूटर गेली. समोरच्या नर्सबाईंनी घेतली. मुलगा स्टॉपपर्यंत चालत, पुढे बसने कामावर. चालणं चांगलं असतं, म्हटलं.

२४ फेब्रुवारी

दारात उभी आहे. विटकरी. मी तीनदा पुसली.

१ मार्च

आज अक्षर मुलाचं आहे.

मी शेजारी गेलेय असं वाटत होतं ना रे तुला? फोन कानाला लाव आणि जसं सांगते तसं लिही. आम्ही दोघी घाटमाथ्यावर आहोत. हेल्मेट म्हणजे डोक्यावर पालथी घागर, पण आतून गाणं छान घुमतं. सून चहा सांगायला गेलीय. ब्रेक लागेल तेवढाच दाबते, एकदाही उगाच नाही. मागची सीट मऊ आहे, आणि माझा विमा उतरवलेला आहे.

परत कधी ते विचारू नकोस. लिही — "मी हरलो."

लिहिलंस? वाचून दाखव.