ओजसचं उष्टावण

बोरीवली,
२४ मे २०२१

ती. वनमालाताईस,
धाकट्या श्यामकांतचा सा. न. वि. वि.

वादळात तुझ्या पडवीची कौलं उडाली, हे तुझ्या शेजारच्या जयवंतने फोनवर सांगितलं. तुझे कान फोनला दाद देत नाहीत आणि पुढचं सगळं जयवंतच्या तोंडून तुला कळवायचं नव्हतं, म्हणून पत्र.

आपली गार्गी बाळंत झाली. मुलगा झाला. ती बरी आहे. बाळाचं लिहितो, ते शेवटपर्यंत वाच, मध्येच रडायला बसू नको.

कळा सुरू झाल्या त्याच दिवशी गार्गीची करोनाची चाचणी पॉझिटिव्ह आली. नाव घातलेल्या नर्सिंग होमने दारातूनच परत पाठवलं. दुसरीकडे खाट नव्हती. तिसरीकडे घेतलं, पण डॉक्टर आणि नर्स ते पांढरे किट चढवून येईपर्यंत बाळ अडकून बसलं होतं, मानेभोवती नाळ. बाहेर आलं ते रडलंच नाही. मेंदूला काही मिनिटं ऑक्सिजन मिळाला नाही. अख्खी मुंबई सध्या सिलिंडरमागे धावते आहे. तिथे सिलिंडर भरलेला होता, बाळाला श्वास घेता आला नाही, इतकंच.

मग अंधेरीच्या एका मोठ्या इस्पितळात हलवलं. असल्या बाळांना तिथे तीन दिवस मुद्दाम गार ठेवतात, म्हणजे मेंदूची इजा पसरत नाही. कुंदाने तुझ्या जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून ठेवली होती. जावईबापू ती घेऊन गेले आणि तशीच परत घेऊन आले. तुझी भावजय आता ती कपाटातून काढते, घडी मोडते, पुन्हा घालते.

काय काय गेलं आणि काय राहिलं ते वाढेल तसं कळेल, असं डॉक्टर म्हणतात. सध्या त्याला दूध ओढता येत नाही. नाकातून नळी घातली आहे. माझी पत्रं कारखान्यातल्या रिपोर्टसारखी असतात, असं तू नेहमी म्हणतेस. या वेळी मला दुसरं काही जमणार नाही.

माझ्या वाटणीच्या लोभातला थोडा त्यालाही दे.

तुझा,
श्यामकांत


वेंगुर्ले,
१३ जून २०२१

चि. श्यामकांत यास वनमालाचे अनेक आशीर्वाद.

मध्येच रडायला बसले. तू कोण रे मला सांगणारा? मग डोळे पुसले आणि शेवटपर्यंत वाचलं.

कौलं घालून झाली, त्याची काळजी नको. बाळ रडलं नाही म्हणतोस. तू तरी कुठे रडला होतास मेल्या? सुईणीने उलटा धरून पाठीवर थापट्या दिल्या तेव्हा कुठे तोंड उघडलंस. मी दाराआडून बघत होते. आणि आता बघ, बोलायला लागलास की थांबत नाहीस. आपलंही होईल हो नीट.

आता एक सांगते, हसू नको. तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी सातेरीच्या देवळात गेले. दाराला कुलूप. करोना देवीलाही चुकला नाही. पायरीवरूनच तिला बोलले, की मामाच्या हातचा भात बाळाच्या पोटात जाईपर्यंत मी भाताला शिवणार नाही. सहा-सात महिन्यांवर उष्टावण असतंच, तेवढाच प्रश्न. नाचणीची भाकरी खाते. दात आहेत थोडे, ते पुरतील.

तुझ्या शौनकला सांग, मामा नुसता नावाचा नको. उष्टावणासाठी चांदीची वाटी जयवंतबरोबर पाठवते. गार्गीला म्हणावं कान बांधून घे, वारं लागू देऊ नको.

माया जमेल तितकी भरून पाठवली आहे, पोचली की कळव.

तुझी,
ताई


बोरीवली,
१० डिसेंबर २०२१

ती. वनमालाताईस,
सा. न. वि. वि.

वाटी पोचली. बारसं घरातल्या घरात उरकलं, नाव ओजस ठेवलं. यापुढचं तुला आवडणार नाही, मलाही लिहायला आवडत नाही.

ओजसला गिळता येत नाही. मेंदूचा निरोप घशापर्यंत नीट पोचत नाही, त्यामुळे तोंडातलं पोटात जायच्याऐवजी श्वासनळीत जातं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण तिकडे एक बाई भाताशिवाय बसली आहे, हेही सगळ्यांना माहीत होतं. जेवायला बसलं की कुंदा तुझं नाव काढायची आणि भात तसाच बाजूला सारायची. शेवटी शौनक तिला म्हणाला की बोटभर मऊ भात, त्यात काय होणार आहे, आत्या तरी सुटेल. मी औषधं आणायला खाली गेलो होतो. गार्गी आंघोळीला गेली होती. कुंदाने औक्षण केलं, शौनकने मांडीवर घेतलं आणि तुझ्या वाटीतला भात बोटाने त्याच्या जिभेवर ठेवला.

त्याला ठसका लागला. ओठ निळे पडले. मग न्यूमोनिया, मग पुन्हा आयसीयू. काल घरी आणला. गार्गी बाळंतपणापासून आमच्याकडेच आहे, पण आईशी आणि भावाशी एक शब्द बोलत नाही. शौनक गॅलरीत चटई टाकून झोपतो. कुंदा वाटी पुसत बसते.

तोंडाने भात कधीच जाणार नाही असं धरून चाला, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तेव्हा तुझा नवस काही फिटायचा नाही. मी दोष कुणालाच देत नाही. पण ताई, हट्ट सोड. तू दोन घास भात खाल्लास तर या घरातली माणसं मोकळी होतील.

रागाने लिहिलं असेन तर धाकटा म्हणून पदरात घे, पण जेव.

तुझा,
श्यामकांत


वेंगुर्ले,
२७ डिसेंबर २०२१

चि. श्यामकांत यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. माझ्या हट्टापायी लेकरू निळं पडलं. आता सातेरीपुढे कुठल्या तोंडाने जाऊ?

मी भात खायला लागले. कालपासूनच. कुंदाला सांग, शौनकला सांग. गार्गीला काही सांगू नको, तिची माफी मी समोर येऊन मागेन.

नवीन तांदूळ आहे. भात छान लागला. पायाची सूज उतरली. बाकी ठीक.

लोभ कमी केलास तरी चालेल, तोडू मात्र नको.

तुझी,
ताई


बोरीवली,
२ जून २०२२

ती. वनमालाताईस,
सा. न. वि. वि.

जयवंत आंब्यांची पेटी घेऊन आला. आंबे झकास आहेत. कुंदाने त्याला जेवायला बसवलं. वरणभात कालवता कालवता तो सहज बोलून गेला, की वनमालाकाकू अजून भाकरीवरच आहेत, देवळातला प्रसादाचा भातसुद्धा घेत नाहीत. आमची सगळ्यांची जेवणं तिथेच थांबली.

ताई, खोटं बोलायचं वय आहे का हे? आणि बोलायचंच तर धड तरी बोलावंस. भात छान लागला म्हणे! तुला जन्मात कधी भात छान लागलाय? तुला भातात कायम खडे सापडतात. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आता इकडचं. मार्चमध्ये ओजसचं छोटं ऑपरेशन झालं. पोटावर एक बटण बसवलं आहे. त्याला नळी जोडून अन्न सरळ पोटात जातं. नाकातली नळी निघाली. दहा महिन्यांचा झाला तेव्हा कुठे त्याचा चेहरा मोकळा बघायला मिळाला. नाक थेट तुझं आहे, बिचाऱ्याचं. वजन वाढलं. मान धरत नाही. नजर कधी लागते, कधी नाही. गार्गीचा आवाज आला की पाय मात्र हलवतो. पुढेही साधारण असंच राहील, असं डॉक्टर म्हणतात, आणि आता आम्ही त्यांना तेच तेच विचारत नाही.

जयवंत बोलला तेव्हा गार्गी तिथेच होती. तिने ताटावरून उठून डॉक्टरांना फोन लावला आणि भाताची पेज गाळून नळीतून दिली तर चालेल का, असं विचारलं. पातळ करून थोडी द्या, असं ते म्हणाले. गार्गीने स्वतः पेज केली, गाळली, गार केली, तुझ्या वाटीत ओतली. मग शौनककडे वळून हात धुऊन ये म्हणाली. त्या प्रकारानंतर भावाशी ती पहिल्यांदा बोलली.

शौनकला सिरिंज धरवेना. गार्गीने त्याच्या हाताखाली आपला हात धरला. पेज हळूहळू उतरली. ठसका नाही, काही नाही. ओजस पंख्याकडे बघत होता. कुंदा रडली, ते अपेक्षितच होतं. मी स्वयंपाकघरात गेलो, ओट्याला धरून उभा राहिलो आणि लहान पोरासारखा रडलो. बाळ जन्मल्यापासून रडलो नव्हतो.

त्याला चव कळली नाही, ती कळणारही नाही. पण मामाच्या हातचा भात त्याच्या पोटात गेला. नवस फिटला की नाही ते तू आणि तुझी देवी बघून घ्या.

तू जेवलीस असं खरं पत्र येईपर्यंत माझा लोभ अडवून ठेवला आहे.

तुझा,
श्यामकांत


वेंगुर्ले,
१५ जून २०२२

चि. श्यामकांत यास अनेक आशीर्वाद आणि चि. ओजस यास नाकावर एक पापा.

सापडले बाबा. जयवंत मेला पोटात काही ठेवत नाही.

तू लिहितोस तसं मी देवीला पोटच म्हटलं होतं. पण मनात माझ्या तोंड होतं. मांडीवर बसून मिटक्या मारणारं, मामाचं बोट चावणारं मूल होतं. खोटं एकदा बोलून फजिती झाली, आता नको. म्हणून देवळात गेले. दार आता उघडं असतं. सातेरीला म्हटलं, मी मागितलं होतं ते मूल वेगळं, आणि आमचं मूल हे आहे. याचं जेवण पोटावरून जातं. तुला चालत असेल तर मी भात खाते, नसेल तर थांबव. ती काही बोलली नाही. बोलली असती तरी मला कुठे ऐकू येतंय म्हणा.

घरी येऊन भात टाकला. ताटात वाढून घेतला, वर मुगाची आमटी. पहिला घास तोंडात घातला आणि तो गिळवेना. घसाच बंद झाला. पुढेही जाईना, बाहेरही येईना. तशीच बसले, भिंतीला टेकून. श्याम, त्या लेकराला असंच होत असणार ना रे? मला पाण्याचा तांब्या तरी जवळ होता. इतके दिवस मी देवीकडे मागतेय असं समजत होते, आणि मागत होते त्याच्या एवढ्याशा घशाकडे. मग खूप रडले. मग पाणी प्यायले, घास उतरला. नंतर सगळा भात संपवला, दुसऱ्यांदा घेतला.

जयवंत परत मुंबईला येईल तेव्हा त्याच्याबरोबर मीही येते. गार्गीला भेटायचं आहे. जुना तांदूळ आणीन, पेजेला तोच चांगला. एकदा मी करीन, शौनकने भरवायची. कुंदाला सांग, ती दुपटी आता कपाटातून काढ.

तू अडवलेला लोभ सोड आता, मी जेवले.

तुझी,
ताई

ता. क. भातात खडा होता.