बाबांच्या ब्रेकला चालणारी रिम

मंदार,

दुपारपर्यंत माझं मौन आहे, म्हणून लिहून ठेवते. तू मागवलेली रिम बाबांच्या सायकलला लावून पाहिली. माप बरोबर आहे रे, पण आपले दांडीचे ब्रेक रिमला आतून दाबतात आणि ही रिम बाजूने दाबणाऱ्या ब्रेकची आहे. सायकलवाला म्हणेल, “ब्रेकइच बदल देतूं, भाई.” त्याला हो म्हणू नकोस. खोललेली जुनी रिम घेऊन मी ऑटोने अफझलगंजच्या सायकलबाजारात तशीच शोधायला जाते. बोलायचं काय, नुसती दाखवेन. खिचडी झाकून ठेवलीय.

बाबा कामावरून आले की आधी फाटकाशी त्या ब्रेकची करकर यायची आणि मी चहा टाकायचे. नवे ब्रेक चांगलेच असतील. पण तू सायकल घेऊन आलास की मला तोच आवाज ऐकायचाय.

आई