बकेटमध्ये बसून गेलेली झुडपं

९ ऑक्टोबर
आज माझ्या पोकलेनच्या बकेटने झुडूप उचललं — मुळासकट, मातीसकट, खालचा दगडसुद्धा तसाच. एक पान पडलं नाही! रस्ता जाणार त्या उतारावर ही झुडपं गच्च आहेत. वनखात्याच्या मॅडम म्हणाल्या, तोडायची नाहीत, समोरच्या उतारावर हलवायची. सगळे ऑपरेटर चपला बघायला लागले. मी म्हटलं, मी हलवतो. फोरमन म्हणाला, "हा स्वतः कुठे टिकत नाही, आणि झाडं रुजवणार."

१४ ऑक्टोबर
यांची मुळं खोल जात नाहीत. दगडांच्या फटीत, कुजलेल्या पाल्यात आडवी पसरतात. म्हणून बकेट खुपसायची नाही — तव्याला चिकटलेलं सोडवताना उलथनं सरकवतात, तशी सरकवायची. समोरचा उतारही असाच. धुक्याचा, सावलीचा, पाणी न थांबणारा.
ताईला फोन केला. "घरातल्या कुंडीला कधी पाणी घातलंस का रे?" किती वेळ हसत होती.

२ नोव्हेंबर
शेवटचं झुडूप समोरच्या उतारावर गेलं. असा हलका हात दुसऱ्या कुणाचा नाही. मॅडमच म्हणाल्या. बरं, मीही म्हणतो.

११ डिसेंबर
कडाक्याची थंडी. सगळी पानं सुरळी होऊन खाली लोंबतायत. फोरमन म्हणाला, "गेली तुझी बाग." जेवलो नाही.

१२ डिसेंबर
सुट्टी. कोमट पाण्याची किटली घेऊन वर चढलो. शेळ्या चारणारी म्हातारी भेटली. "त्यांना चहा पाजतोस काय रे पोरा?" हसून हसून खाली बसली. म्हणाली, थंडीत ती अंग चोरून घेतात, वरची जुनी, इथलीच झुडपं बघ. बघितली — तीही तशीच गुंडाळलेली. मग किटली आम्ही दोघांनीच संपवली.

२० जानेवारी
ऊन. पानं उघडली.

१९ मार्च
फुललं! अख्खा उतार लाल. तापलेल्या सायलेन्सरसारखा नाही, मऊ लाल. खालून जाणारा ट्रकवाला थांबला. "कुणाची रे ही फुलं?" म्हटलं, माझी.
मॅडम म्हणाल्या, फुललं म्हणजे रुजलं असं नाही. हलवलेलं झाड घाबरूनही फुलतं. पहिला उन्हाळा कुणीतरी पाणी घालायला हवं, नाहीतर सगळं वाळेल. पगार कमी आहे, माणूस मिळत नाही.

२२ मार्च
मशीन पुढच्या कामावर निघालं. फोरमनने हाक मारली, "चल, बस." मी चावी त्याच्या हातात ठेवली.